दीड महिन्याचं बाळ: दूध वर येणं आणि संध्याकाळचं न थांबणारं रडणं

जुई_नाशिक | सोमवार, रात्री १:१०

नमस्कार. माझी लेक दीड महिन्याची आहे, बाळंतपणाला माहेरी आलेय. दिवसा ठीक असते. दिवेलागणीला जी रडायला लागते ती रात्री अकरा-साडेअकरापर्यंत. पाय पोटाशी घेते, मुठी आवळते, तोंड लालबुंद होतं, पाठीची कमान करते. अंगावर घेतलं की दोन-चार घोट पिते, सोडते, किंचाळते, पुन्हा तोंडाने शोधायला लागते. पिऊन झालं की दूध वर येतंच, कधी पातळ, कधी दह्यासारखं फुटलेलं, आंबूस वासाचं. खांद्यावरचं फडकं सतत ओलं असतं.

जन्माचं वजन २.९ होतं, गेल्या आठवड्यात लसीच्या वेळी ४ किलो भरलं. शू दिवसाला सात-आठदा, शी पिवळी. ताप नाही.

जवळच्या डॉक्टरांनी घाईघाईत बघून तीन बाटल्या लिहून दिल्या: एक ॲसिडिटीचं औषध, एक पोटदुखीचे थेंब, एक गॅसचे. अजून एकही उघडलेली नाही. आजी म्हणते गुटी सुरू कर. सासूबाई म्हणतात दृष्ट काढ आणि वातूळ खाणं बंद कर. शेजारच्या काकू म्हणतात दूध पुरत नसणार, वरचं दे. सगळे मायेनेच सांगतात, पण रडणाऱ्या पोरीला घेऊन बसल्यावर कुणाचं ऐकावं ते कळत नाही. औषध न देता हिला शांत कसं करू? आणि हे रडणं साधं आहे की काही वेगळं, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

रानजाई | सोमवार, सकाळी ७:२५

जुई, आधी तुला एक घट्ट मिठी. आमचा थोरला अगदी असाच होता. दिवे लागले की सुरू.

आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट सांगते. बाळाला आपल्या डाव्या हातावर पालथं घ्यायचं. गाल आपल्या कोपराच्या खोबणीत, तोंड बाहेरच्या बाजूला, नाक मोकळं. आपला पंजा त्याच्या पोटाखालून जाऊन मांडी धरतो आणि त्याचे हातपाय दोन्हीकडे सैल लोंबतात. झाडाच्या फांदीवर पहुडलेला बिबट्या दिसतो तसं. दुसरा हात पाठीवर. आपल्या हाताची ऊब आणि हलका दाब थेट पोटाला मिळतो. मग चालायचं. उभ्या उभ्या हलवून आमचा गप्प व्हायचा नाही, पावलंच टाकावी लागायची, आणि टेकलं की त्याला लगेच कळायचं.

दुसरं म्हणजे अंधार आणि एकसुरी आवाज. सहाच्या सुमारास खोलीतली ट्यूब बंद करून छोटा दिवा, टीव्ही बंद, पाहुणे बाहेरच्या खोलीत. न्हाणीघरात बादलीत नळ सोडला की त्या आवाजाने तो थबकायचा. पुढे पाणी वाया नको म्हणून फोनवर पावसाचा आवाज लावायला लागलो. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा, बाळाच्या कानाशी नाही.

पाजल्यावर खांद्यावर उभं धरून ढेकर काढायची, आणि ढेकर आली तरी लगेच आडवं करायचं नाही. वीस मिनिटं तरी उभंच. आमच्याकडे हे काम बाबांचं होतं.

शतावरी | सोमवार, दुपारी २:५०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा.

जुई, तुम्ही दिलेल्या आकड्यांमधला सगळ्यात मोलाचा आकडा वजनाचा आहे. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. सुरुवातीला सगळ्याच बाळांचं वजन थोडं उतरतं, ते भरून काढून तुमची मुलगी चारवर पोचली आहे. शू भरपूर आहे. म्हणजे दूध पुरतंय आणि पोटात राहतंय. वर येतं ते दिसतं खूप, पण फडक्यावर पसरलेलं चमचाभर दूधसुद्धा वाटीभर वाटतं.

दूध वर का येतं? अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायूंचा पट्टा या वयात अधूनमधून सैल पडतो. जठर लहान, आहार पूर्ण पातळ, आणि बाळ दिवसभर आडवं. तीन महिन्यांखालची जवळजवळ निम्मी बाळं दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. चौथ्या महिन्याच्या आसपास हे प्रमाण सर्वाधिक असतं, मग बाळ बसायला लागतं, घट्ट खाऊ लागतं, तसं ते झपाट्याने कमी होतं. वर्षाच्या होईपर्यंत थोड्याच मुलांचं उरतं.

रडण्याचं वेळापत्रक वेगळं. टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली ८० बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढतं, सहाव्या आठवड्याला कळस गाठतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उतरतं. जोर संध्याकाळी. तुमची मुलगी नेमकी त्या कळसावर आहे. दूध वर येणं आणि रडणं हे दोन्ही एकाच वयात येतं, म्हणून पालक आणि डॉक्टर दोघेही एकावर दुसऱ्याचा ठपका ठेवतात. बऱ्याचदा त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो.

आता बाटल्या. पोटदुखीच्या थेंबांवर 'डायसायक्लोमिन' लिहिलं असेल तर देऊ नका. सहा महिन्यांखालच्या बाळांना ते वर्ज्य आहे, कारण श्वास अडखळणं, झटके येणं, बाळ ग्लानीत जाणं असे प्रकार नोंदले गेले आहेत. आपल्याकडे ते अजूनही सर्रास लिहिलं जातं आणि दुकानात सहज मिळतं, याचा मला मनापासून राग येतो. गॅसचे सिमेथिकोन थेंब घातक नाहीत, पण चाचण्यांत ते साध्या पाण्याच्या थेंबांहून सरस ठरले नाहीत. ॲसिडिटीच्या औषधाबद्दल २००९ साली एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला. पाजल्यानंतर रडणाऱ्या १६२ बाळांपैकी निम्म्यांना लॅन्सोप्राझोल दिलं, निम्म्यांना नुसतं दिसायला तसंच द्रव्य. दोन्ही गटांत ५४ टक्के बाळांना बरं वाटलं. फरक पडला तो छातीच्या संसर्गात, आणि ते औषध घेणाऱ्या बाळांमध्ये जास्त होते. अन्ननलिकेला खरोखर सूज असेल तर ही औषधं हवीतच, पण त्या बाळाचं वजन अडतं, ते पिणं नाकारतं, उलटीत रक्त दिसतं. तुमच्या वर्णनात त्यातलं काही नाही.

मूल रडतंय आणि आपल्या हाती द्यायला औषध नाही, हे आईबापांना सांगणं डॉक्टरला जड जातं. बाटली लिहून देणं सोपं असतं.

आजी_वाईकर | सोमवार, सायंकाळी ५:०५

डॉक्टरीणबाई, तुमचं सगळं वाचलं, पटलंही. पण गुटीला वाईट म्हणू नका. सहाणेवर बाळहिरड्याचे दोन वळसे, मुरडशेंगेचा एक, वेखंडाचा एक, सुंठ अगदी नावाला, जायफळ झोप नसेल तरच. आईच्या दुधात उगाळून बोटाने चाटवायची. माझी तीन मुलं आणि पाच नातवंडं त्यावर वाढली. पोट साफ राहायचं. हल्ली तयार पावडरीची पाकिटं येतात, तिला मी गुटी म्हणत नाही.

शतावरी | सोमवार, रात्री ९:३०

आजी, नमस्कार. तुम्ही वळसे मोजून देत होतात, त्यात जी जपणूक होती ती मी नाकारत नाही. माझ्या आजीनेही मला दिलीय. पण वेखंड हे आयुर्वेदातच वांती करवणारं म्हणून सांगितलंय, आणि ज्या बाळाचं दूध आधीच वर येतं त्याला तेच द्यायचं? जायफळाने बाळ झोपतं ते गुंगीने. दीड महिन्याच्या बाळात किती वळशाला गुंगी आणि किती वळशाला विषबाधा, ही रेघ कुणालाच आखता येत नाही. मुळी उघड्यावर साठवलेल्या, सहाण ओली, त्यातून जुलाब होतात ते वेगळेच. आणि मध तर एक वर्षापर्यंत बोटावरसुद्धा नको. त्यातल्या जंतूंच्या बीजांपासून बाळाच्या आतड्यात विष तयार होऊन स्नायू लुळे पडू शकतात. सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणीही नको. ग्राइप वॉटरलाही हेच लागू.

बेंबीभोवती हिंगाचा लेप वरवरचा असतो, कातडी लाल होत नसेल तर माझी हरकत नाही. पण बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून ओव्याची धुरी देणं कृपया थांबवा. बाळंतिणीच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड कोंडतो आणि तो दिसत नाही, वासही येत नाही.

आजी_वाईकर | सोमवार, रात्री १०:१५

वेखंड ओकारी काढतं हे खरं, माझी सासूही मोठ्या माणसाला त्यासाठीच द्यायची. दूध टाकणाऱ्या पोरीला नको देऊस, जुई. त्यापेक्षा पाय पोटाशी दुमडून सायकलसारखे फिरव, आणि कोमट तेलाने पोट उजवीकडून डावीकडे गोल चोळ. पण पिऊन झाल्या झाल्या नाही, मध्ये तासभर जाऊ दे.

उत्तरवारा | मंगळवार, पहाटे ३:४०

मी इंग्लंडमध्ये लीड्सला असतो, आमचं बाळ आता पाच महिन्यांचं आहे. इथे घरी येणाऱ्या हेल्थ व्हिजिटरने पहिल्याच भेटीत औषधाचं नाव काढलं नाही. पाजताना तासभर शेजारी बसून बघितलं. बायकोला दूध जोरात यायचं, बाळ गटागटा गिळायचं, ठसकायचं, हवा आत जायची. तिने बायकोला मागे रेलून बसवलं आणि बाळाला वरून अंगावर घ्यायला सांगितलं, म्हणजे दुधाचा झोत बाळाच्या घशात कोसळत नाही. आणि एका वेळी एकच बाजू पूर्ण होऊ द्यायची. दोन-तीन दिवसांत ठसकणं कमी झालं. रडणं लगेच कमी झालं नाही, ते आपल्या वेळेनेच गेलं.

दुसरी गोष्ट बाबांसाठी लिहितो. आम्ही रात्रीच्या पाळ्या लावल्या. नऊ ते एक बाळ माझं, बायको दुसऱ्या खोलीत, दार लावून, कानात बोळे घालून झोपणार. पाजायला तेवढं तिच्याकडे न्यायचं, मग ढेकर, उभं धरणं, फेऱ्या, सगळं माझ्याकडे. मोठे हेडफोन घालून फेऱ्या मारल्या की रडणं ऐकू येतं पण डोक्यात घुसत नाही. आणि इथे प्रत्येक आईबापाला सांगतात ती गोष्ट: सहनशक्ती संपली असं वाटलं की बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, दार ओढून घ्या, दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा, पाणी प्या, कुणाला तरी फोन करा. रडण्याने बाळाला इजा होत नाही. थकलेल्या हातांनी एकदा जोरात गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे आपल्याकडे कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

मोगरा७९ | मंगळवार, सकाळी १०:००

वेगळा अनुभव लिहिते, कारण प्रत्येक वेळी 'हे साधंच आहे' म्हणून चालत नाही. आमच्या मुलीच्या शीत बुळबुळीत आव आणि रक्ताचे धागे दिसायचे, गालांवर आणि कोपराच्या आत खरखरीत लाल चट्टे, आणि रडणं फक्त संध्याकाळी नाही, दिवसभर. निदान गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असं झालं. ती प्रथिनं माझ्या खाण्यातून माझ्या दुधात उतरत होती.

डॉक्टरांच्या सल्ल्याने मी दूध, दही, ताक, पनीर, खवा, तूप सगळं बंद केलं. बाळंतिणीला तूप नाही म्हटल्यावर घरात काय झालं असेल ते समजून घ्या. आईने अळिवाची खीर नारळाच्या दुधात केली, डिंकाचे लाडू तेलावर वळले, नाचणी आणि तीळ रोज, शिवाय कॅल्शियमची गोळी. दोन आठवड्यांत रक्त थांबलं. मग डॉक्टरांनी मुद्दाम पुन्हा दूध घ्यायला लावलं, त्रास परत सुरू झाला तेव्हाच निदान पक्कं. ही पायरी गाळू नका, नाहीतर आई वर्षभर उगाच उपाशी राहते.

जुईच्या बाळात ही लक्षणं दिसत नाहीत, त्यामुळे जुई, तू नीट जेव. तूरडाळ, वाटाणा, कोबी खाल्ल्याने बाळाच्या पोटात वात जातो म्हणून आम्हा बायकांना फक्त मुगाच्या खिचडीवर ठेवतात ते बरोबर नाही. गॅस दुधातून जात नाही.

पारिजात | मंगळवार, दुपारी १२:२०

बाळाला बसक्या झोळीत किंवा गादीखाली उशी लावून तिरकं झोपवलं तर दूध वर येणं कमी होतं का? आमच्याकडे मोहरीची उशीही आहे. आणि दुपट्यात घट्ट बांधलं की शांत होतं, पण पायही सरळ करून बांधतात, ते चालतं का?

शतावरी | मंगळवार, दुपारी ३:१५

पारिजात, तिरकं झोपवल्याने फायदा होत नाही आणि धोका असतो. बाळ घसरतं, हनुवटी छातीला टेकते, श्वासनलिका दबते. झोळीतही तसंच होतं, म्हणून झोळी जागेपणी, कुणी समोर असताना, आणि झोप लागली की काढून सपाट, टणक गादीवर उताणं. दूध वर येणाऱ्या बाळालाही उताणंच. उताणं असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर राहते, त्यामुळे वर आलेलं दूध परत खाली गिळलं जातं. गुदमरेल या भीतीने पालथं झोपवू नका. रानजाईंनी सांगितलेली पालथी पकड फक्त हातावर, जागेपणी. मोहरीची उशी, लोड, जाड गोधडी काहीच नको.

दुपट्यात हात आवळून बांधा, छातीवर दोन बोटं आत जातील इतकं सैल, पण कमरेखाली मोकळं. पाय सरळ करून बांधल्याने खुब्याचा सांधा नीट बसत नाही. बाळ कूस वळवायला लागलं की बांधणं बंद.

रानजाई म्हणाल्या ते 'पावलं टाकण्याचं' जपानमधल्या रिकेन संस्थेने तपासलंय. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं सलग चालायचं, झोप लागली की लगेच ठेवायचं नाही, आणखी पाच ते आठ मिनिटं घेऊन बसायचं आणि मग ठेवायचं. २०२२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मी आता प्रत्येक आईला सांगते.

जुई, घरी ओळखायच्या खुणा तुम्ही विचारल्या होत्या. हिरवी उलटी झाली तर त्याच क्षणी हॉस्पिटल, कारण आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. दर वेळी पाजल्यावर कारंज्यासारखी दूर उडणारी उलटी, आणि उलटीनंतर पुन्हा भुकेलं बाळ, विशेषतः तीन ते सहा आठवड्यांचा मुलगा, तर जठराच्या तोंडाचा स्नायू जाड झालाय का हे सोनोग्राफीने बघतात. तीन महिन्यांखाली १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे घरचा उपाय नाही. टाळू फुगलेली, बाळ मलूल, पिणं सोडलेलं, शू घटलेली, वजन थांबलेलं, उलटीत किंवा शीत रक्त, यातलं काहीही दिसलं तरी डॉक्टरांकडेच. आणि एरवी न रडणारं बाळ अचानक वेगळ्याच आवाजात किंचाळायला लागलं तर सगळे कपडे काढून बघा. जांघेत टणक गाठ आहे का, आणि बोटाला आईचा केस गुंडाळला गेलाय का. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, मोज्यात एखादा जातो आणि पायाच्या बोटाला करकचून बसतो. मी असे केस भिंग घेऊन काढले आहेत.

जुई_नाशिक | गुरुवार, दुपारी १:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. कपडे काढून डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, पाजताना पाहिलं, वजन केलं. पोटदुखीच्या थेंबांत डायसायक्लोमिनच होतं, ते आणि ॲसिडिटीचं दोन्ही बंद म्हणाले. लॅक्टोबॅसिलस र्‍युटेरीचे थेंब (पोटाला उपयोगी जंतूंचे, म्हणजे प्रोबायोटिक) हवे तर देऊन बघा म्हणाले, त्याबद्दल कुणाला माहिती आहे का?

मागे रेलून पाजायला लागलेय, ठसका लागत नाही. संध्याकाळी सहाला आजी ट्यूब बंद करते आणि देवापाशी दिवा लावून खोलीत कुणालाच येऊ देत नाही. कडेवरची एक फेरी आजीची, एक बाबांची, एक माझी. अजून रडते, पण मला धाप लागल्यासारखं होत नाही. एक विचारू का? तिचं रडणं सुरू होण्याआधीच, पाच वाजल्यापासून, माझ्या छातीत धडधडतं. दुपारी ती झोपली तरी मला झोप येत नाही.

मोगरा७९ | गुरुवार, दुपारी २:१०

जुई, हे तुझ्या डॉक्टरांना सांग, आणि घरात कुणाला तरी आजच सांग. बाळ झोपलेलं असताना आईला झोप न येणं, सतत धडधड, रडू येणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं, हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर त्यावर उपचार असतात, दूध पाजतानाही घेता येतात. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलतात. आणि घरातल्या बाकीच्यांसाठी: भेटायला येणाऱ्याने बाळाला बघून सल्ला देण्याऐवजी बाळ घ्यावं आणि बाळंतिणीला दोन तास झोपू द्यावं.

शतावरी | गुरुवार, रात्री ८:४५

मोगरा यांच्याशी शंभर टक्के सहमत. जुई, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

र्‍युटेरीबद्दल: २०१८ साली अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा आला. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये डीएसएम १७९३८ या विशिष्ट वाणाने रडणं कमी झालेलं दिसलं, वरच्या दुधावरच्या बाळांमध्ये तसं दिसलं नाही. तुमच्या बाळाला देऊन बघायला हरकत नाही, पण बाटलीवर नेमका वाण लिहिलाय का बघा. नुसतं 'प्रोबायोटिक' पुरेसं नाही.

कृष्णाकाठ | शुक्रवार, सकाळी ९:०५

आमचं बाळ वरच्या दुधावर आहे, तीन महिने पूर्ण होतील. तेही असंच ओकतं. बाटलीत तांदळाची पेज घालून घट्ट करा असं एकांनी सांगितलं. करू का?

शतावरी | शुक्रवार, दुपारी २:३०

स्वतःहून नको. घट्ट केलेलं दूध कधीकधी उपयोगी पडतं, पण ते वजन बघून डॉक्टरांनी ठरवायचं असतं, आणि पेजेत पोषण कमी. आधी एका वेळी किती पाजता ते बघा. रडलं की बाटली, ओकलं की 'पोट रिकामं झालं' म्हणून पुन्हा बाटली, असं होतंय का? बाळाला चोखून बरं वाटतं म्हणून ते ओढतं, भूक असतेच असं नाही. थोडं थोडं आणि जास्त वेळा द्या. बाळाला बसतं धरा, बाटली आडवी ठेवा म्हणजे दूध आपोआप ओतलं जाणार नाही, मध्ये दोन-तीनदा थांबून ढेकर काढा. पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानेच, सपाट चमचा, पाणी आधी. आणि दूध लवकर उतरावं म्हणून कुणी निपलचं भोक सुईने मोठं केलं असेल तर ते निपल आजच बदला.